इन्चार्ज कोण?

पोस्टमनने सही घेऊन लांबट लिफाफा हातात दिला, तेव्हा मला वाटलं विम्याचं काहीतरी असेल. लिफाफ्यावर माझ्या मिस्टरांचं नाव होतं. आत दोन पानं इंग्रजी टाइप. मी बी.ए. झालेली, एका खाजगी शाळेच्या ऑफिसात काम करणारी. इंग्रजी वाचता यायचं, पण हे इंग्रजी वेगळंच होतं, वाक्य सुरू झालं की संपायचं नावच घेत नव्हतं. त्यातले दोन शब्द मात्र लगेच कळले. एक ‘पोल्युशन’ आणि दुसरा ‘इम्प्रिझनमेंट’.

दोन हजार सातच्या आसपासची ही गोष्ट. उल्हासनगरात कॅम्प चार भागातल्या टेकडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई, आम्ही दोघं आणि दुसरीत जाणारी मुलगी. हे एका जीन्स वॉशिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होते. शिवून आलेल्या कोऱ्या जीन्स मोठाल्या मशिनींत दगड आणि केमिकल टाकून धुवायच्या, म्हणजे त्या वापरून विटल्यासारख्या दिसतात, हे ते काम. आमच्या सासूबाईंना ते कधी पटलंच नाही. “नवी कोरी पँट फाडून धुवायची, आणि मग नव्या भावात विकायची!” म्हणायच्या. या धुण्यातून निघणारं पाणी गर्द निळं असतं. ते कारखान्याच्या मागच्या टाक्यांत घ्यायचं, चुना आणि तुरटी घालून निवळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी नाल्यात सोडायचं, असा नियम. नाला पुढे वालधुनी नदीला मिळायचा.

संध्याकाळी हे घरी आले. मी कागद पुढे केला. यांनी पहिल्या ओळी वाचल्या आणि चपला तशाच पायात ठेवून पलंगाच्या कडेवर बसले.

“माझ्याच नावाने पाठवली?” एवढंच म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही आठवड्यांपूर्वी कारखान्यात पाण्याची तपासणी करणाऱ्या सरकारी मंडळाची माणसं आली होती. शेठ तेव्हा भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलेले. टाकीत पाणी चढवणारा पंप त्याआधीच जळला होता. यांनी शेठना फोन केला, तर शेठ म्हणाले, “दो-तीन दिन चला लो यार, मैं आके देखता हूँ. ऑर्डर अटकना नहीं चाहिए.” तेव्हा पाणी टाकीला वळसा घालून सरळ नाल्यात जात होतं. नेमके तेव्हाच साहेब लोक दारात.

“त्यांनी विचारलं, इन्चार्ज कोण? मी म्हटलं, मीच.”

“असं का म्हणालात?”

“मग काय म्हणणार? सगळी पोरं बघत होती. सुपरवायझर म्हणून मिरवतो, आणि साहेब आल्यावर मागे सरू?”

साहेबांनी नाल्याच्या तोंडाशी पाणी भरून घेतलं, दोन बाटल्यांत वाटलं, लाख लावून सीलबंद केलं, आणि यांची सही घेतली. यांनी घराचा पत्तासुद्धा दिला. घरी येऊन मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. होईल काहीतरी, शेठ बघतील, असं मनाशी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी नोटीस घेऊन हे शेठकडे गेले. शेठनी ती वाचलीदेखील नाही. कारखान्याचे कागद करून देणारा एक कन्सल्टंट होता, त्याला दाखवून ठेवतो म्हणाले. कन्सल्टंटने फोनवर सांगितलं, “नाव सुपरवायझरचं आहे ना, मग उत्तर सुपरवायझरनेच द्यायचं. त्याची चूक दाखवली की मालकावर काही येत नाही.” हे त्याने शेठना सांगितलं होतं, पण फोन स्पीकरवर होता आणि हे समोरच उभे होते.

त्या दिवसापासून यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, भाकरीचे तुकडे करायचे आणि उठायचे. शेजारच्या एकाने भर घातली, त्याच्या ओळखीतल्या कुणाला असंच आत टाकलं होतं म्हणे. सासूबाई सारख्या विचारायच्या, “पोलीस घरी येतील का गं?” मला काय ठाऊक! आणि मला ठाऊक नाही, याचीच चीड यायला लागली. आपल्या माणसावर काहीतरी कोसळतंय आणि ते काय आहे, हेही आपल्याला नीट सांगता येऊ नये?

शाळेच्या कामासाठी कल्याणला जायचं होतं. तिथे कोर्टाच्या बाहेर कायद्याच्या पुस्तकांचा स्टॉल असायचा. मी पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा मागितला. स्टॉलवाल्याने एक पातळसं पुस्तक काढून दिलं. मी एवढा धसका घेतलेला, आणि कायदा हा एवढासा, मुलीच्या बालभारतीहून बारीक. ते बघूनच जरा धीर आला.

पुस्तक वाचायला मात्र चांगलंच जड गेलं. शाळेतून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला आणि दुपारच्या सुट्टीत एकेक कलम घेऊन बसायला लागले. पेन्सिलीने समासात मराठी लिहायचे. पाणी घाण करणारी वस्तू जाणूनबुजून प्रवाहात सोडायची नाही किंवा सोडू द्यायची नाही, हे कळलं. पण ‘प्रवाह’ म्हणजे काय, हे आधीच्या पानावर वेगळं सांगितलेलं. त्यात नदी होती, ओढा होता, वाहता असो की सध्या कोरडा असो. आणि जमिनीखालचं पाणीही होतं. मला वाटायचं, नाला म्हणजे गटार, त्याला कसला कायदा. तर तसं नव्हतं.

शिक्षेच्या कलमाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवलं. तिथे वर्षांत मोजलेला तुरुंग होता.

आमच्या शाळेत एका मुलीची आई वकील होती, उल्हासनगरच्या कोर्टात बसायची. पालकसभेला आली तेव्हा मी धीर करून तिला थांबवलं. ती म्हणाली, “नोटीस घेऊन उद्या दुपारी कोर्टात या.” कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली तिचं टेबल होतं. तिने दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि पहिलंच वाक्य जे बोलली, त्यासाठी मी आजही तिची ऋणी आहे.

“अहो ताई, ही शिक्षा नाही. हा नुसता प्रश्न आहे.”

“म्हणजे?”

“कारणे दाखवा नोटीस. तुमच्यावर कारवाई का करू नये, ते येऊन सांगा, असं म्हणतायत. सुनावणीची तारीख दिलीये. यात पोलीस नाहीत, अटक नाही. मंडळाला कुणाला आत टाकता येत नाही. त्यांना वाटलं तर ते कोर्टात फिर्याद करतील, मग कोर्ट ठरवेल. त्याला खूप पायऱ्या आहेत. तुम्ही पहिलीवर उभ्या आहात.”

मी तिथेच डोळे पुसले. तिने माठातलं पाणी दिलं. पोलीस घरी येणार नाहीत, हे सासूबाईंना कधी जाऊन सांगते असं मला झालं होतं. पण ती म्हणाली, “बसा, अजून संपलं नाही.”

मग तिने माझंच पुस्तक उघडलं आणि सत्तेचाळिसावं कलम काढलं. कारखान्याने गुन्हा केला तर कुणाला धरायचं, ते त्यात होतं. शेठ आणि त्यांचे भाऊ भागीदार होते, आणि कायद्याच्या भाषेत भागीदारीसुद्धा कंपनीच.

“ज्याच्या ताब्यात धंदा आहे आणि जो धंदा चालवायला जबाबदार आहे, तो दोषी. आता सांगा, तुमचे मिस्टर माल घेतात? पंप दुरुस्त करायचा तर त्यांना पैसे काढता येतात? काम बंद ठेवायचं ते ठरवू शकतात?”

“नाही. सगळं शेठच.”

“मग ते मशिनींचे इन्चार्ज, धंद्याचे नाहीत. तोंडाने ‘मीच’ म्हटलं म्हणून माणूस मालक होत नाही. पण एक अडचण आहे. पाणी तसंच जातंय हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही सुटायचं, तर त्यांनी ते थांबवायला हातात होतं तेवढं केलं, हे दाखवावं लागेल.”

“शेठना फोन केला होता ना!”

“ते कोण सांगणार?”

सांगणार फक्त शेठ.

उठताना ती म्हणाली, “सुनावणीला वकिलाची गरज नाही. खर्चात पडू नका. आणि एक लक्षात ठेवा, पाणी निळं होतं. ते नव्हतं, असं कुणीही तिथे म्हणू नका. बाटली सीलबंद आहे.”

घरी येऊन मी सांगितलं, तसे सासूबाईंनी हात जोडले आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. यांना मात्र अर्धवटच बरं वाटलं. मी विचारलं, “तसं पाणी किती वेळा सोडलंत?”

“रोज नाही. काही बिघडलं की.”

“म्हणजे आधीही?”

“तू कुणाच्या बाजूने आहेस? तुला नाल्याची पडलीय की माझी?” हे एकदम चिडले. “गटार आहे ते. कोण पितंय त्याचं पाणी?”

रविवारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि कारखान्याच्या मागे नाल्याच्या कडेने चालत गेले. इतकी वर्षं हे तिथे कामाला होते, पण मागची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. थोडं खाली गेल्यावर नाल्याच्या काठाला झोपड्यांची रांग होती. एक बाई हातपंपावर हंडा भरत होती. हातपंप आणि नाला यांच्यामध्ये चार पावलांचंही अंतर नसेल. मी उगाच थांबले, तिला पाणी मागितलं. तिने लगेच हंड्यातून काढून दिलं. तोंडाशी नेलं तर वास आला, औषधासारखा, तुरट.

“वास येतो का हो नेहमी?”

“कधी कधी येतो. पावसात कमी. आता सवय झाली,” ती म्हणाली. “नळाची लाईन टाकणार म्हणतात. म्हणतात तेव्हापासून हेच पितोय.”

जमिनीखालचं पाणीही प्रवाहात का धरलंय, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. आणखीही एक आठवलं. वकीलबाई जाता जाता म्हणाल्या होत्या की, आपल्या जमिनीवरून किंवा जमिनीखालून जाणारं पाणी दुसऱ्याने नासवू नये, हा जमीनमालकाचा हक्क फार जुना आहे, इंग्रजांच्या वेळच्या कायद्यात लिहिलेला. पण या बाईची कुठे जमीन होती? जुन्या कायद्यात तिला जागाच नव्हती. हा नवा बारका कायदा मात्र सातबारा विचारत नव्हता. पाणी कुणाचं, हे न बघता ते घाण करू नका म्हणत होता. ज्या पुस्तकाला मी भ्यायले होते, ते त्या बाईच्या बाजूचं पुस्तक होतं. आणि माझा माणूस त्यात दुसऱ्या बाजूला उभा होता.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. भांडायचं नव्हतं, म्हणून हळूच सांगितलं. हे ऐकत राहिले. मग विचारलं, “तू प्यायलीस ते पाणी?”

“एक घोट.”

“कशाला प्यायलीस?” म्हणाले, आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

सुनावणी जवळ आली तसं मी ठरवलं, शेठकडे जायचंच. यांना सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं, म्हणून सासूबाईंना बरोबर घेतलं. कॅम्प तीनच्या बाजारात खाली कापडाचं दुकान आणि वर शेठचं घर. शेअर रिक्षाने गेलो. शेठच्या बायकोने दार उघडलं. आम्हाला बसवलं आणि आधी पापड आणि पाणी आणून ठेवलं, सिंधी घरात आल्यागेल्याला देतात तसं. शेठ आतून आले. मोठे नव्हते वयाने, यांच्याच जोडीचे असतील. मला बघून जरा ओशाळले.

“भाभी, आपने क्यों तकलीफ की? वो कन्सल्टंट सब देख लेगा.”

“शेठ, कन्सल्टंट तुम्हाला बघेल. यांना कोण बघेल?”

“अरे, पर साइन तो उसी ने की ना.”

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्यांना हिंदी धड येत नव्हती, पण त्यांनी मराठीतच सांगितलं. “बाबा, तू नव्हतास म्हणून तो पुढे झाला. तुझ्या कारखान्यात परके लोक शिरले, तेव्हा माझा पोरगा पळून नाही गेला. पळाला असता तर आज कागद तुझ्या नावाने आला असता.”

मी पुस्तक काढलं आणि सत्तेचाळिसाव्या कलमाचा दुसरा भाग दाखवला. भागीदाराच्या दुर्लक्षामुळे गुन्हा झाला असेल, तर तोही सुटत नाही, असं तिथे होतं. म्हटलं, “शेठ, यांना पुढे करून तुम्ही वाचाल असं कन्सल्टंट म्हणतो, ते इथे लिहिलेलं नाही. उलट फोन आला होता, पंप लगेच दुरुस्त करतो, असं सांगितलंत तर ते ऐकतील तरी. बघा, मी वकील नाही. पण मी हे सगळं वाचलंय.”

“आपने पूरा पढ़ा है?”

“दोनदा.”

शेठच्या बायकोने पुस्तक हातात घेतलं, चाळलं. मग नवऱ्याकडे बघून सिंधीत काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत. शेठनी मान हलवली, पण ती होकाराची की कंटाळ्याची, हेही कळलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, “देखते हैं, भाभी.”

परत येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, “पापड चांगला होता. बाकी काय खरं नाही.”

सुनावणीला आम्ही वेळेच्या आधीच पोचलो. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकं होती. आमच्यासारखीच आणखी माणसं हातात कागद घेऊन बसली होती. शेठ कुठे दिसत नव्हते. नाव पुकारलं. मी घरची म्हणून मलाही आत येऊ दिलं.

टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. चष्मा, खादीचा कुर्ता. त्यांच्यापुढे फाईल होती आणि पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. त्यांनी आवाज चढवला नाही, हेच मला आधी जाणवलं. मी मनात न्यायाधीशाचा हातोडा वगैरे घेऊन गेले होते.

“तुम्ही इन्चार्ज?”

“मी सुपरवायझर आहे, मॅडम.”

“पण त्या दिवशी तुम्ही इन्चार्ज म्हणालात.”

“म्हणालो. चुकलं.”

एवढ्यात दार लोटून शेठ आत आले, मागे कन्सल्टंट. कन्सल्टंटने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. “मॅडम, युनिटमध्ये ट्रीटमेंटची सगळी व्यवस्था आहे. मालक बाहेरगावी असताना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे—”

“थांबा,” बाई म्हणाल्या आणि यांच्याकडे वळल्या. “तुम्हीच सांगा. पाणी तसंच सोडलं होतं का?”

हे म्हणाले, “हो मॅडम. पंप जळला होता. शेठना मी कळवलं होतं. पण मशिनी बंद करायला पाहिजे होत्या, त्या मी केल्या नाहीत. खाली वस्ती आहे. तिथल्या हापशीच्या पाण्याला वास येतो.”

हापशीचं कुणी विचारलंच नव्हतं. कन्सल्टंट यांच्याकडे असा बघायला लागला, जसं काही यांना वेड लागलंय. मीही घाबरले. वकीलबाईंनी नाही म्हणू नका एवढंच सांगितलं होतं, आपणहून हे सगळं सांगा असं नव्हतं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मालक, तुम्हाला यांनी कळवलं होतं?”

कन्सल्टंटने शेठच्या बाहीला हात लावला. शेठनी तो हळूच बाजूला केला.

“हाँ मॅडम. फोन आया था. मैंने बोला चला लो. मालिक मैं हूँ, ये नहीं. इसके हाथ में क्या है, एक स्क्रू लाना हो तो भी मुझसे पूछता है.”

यांनी शेठकडे पाहिलं आणि शेठनी यांच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी काहीतरी लिहिलं, मग पुन्हा शेठना विचारलं, पंपाचं काय. शेठ म्हणाले, नवा बसवलाय. टाकीचं काय? तिलाही दुरुस्ती हवीये. किती वेळ लागेल? शेठ यांच्याकडे वळले आणि विचारलं, “कितना टाइम लगेगा?” यांनी सांगितलं, महिना तरी. बाई म्हणाल्या, “मग तेवढे दिवस वॉशिंग बंद. दुरुस्ती झाली की कळवा, आम्ही पुन्हा पाणी घेऊन तपासू. आणि हापशीचं जे म्हणालात, तिथलंही सॅम्पल घ्यायला सांगते.” मग यांना म्हणाल्या, “तुमच्याविरुद्ध पुढे जाण्यासारखं मला काही दिसत नाही. तसा लेखी आदेश पोस्टाने येईल. यापुढे जे नाही, ते आहे असं सांगत जाऊ नका.”

“नाही मॅडम,” हे म्हणाले, शाळेतल्या पोरासारखे.

बाहेर आलो. व्हरांड्याच्या पायरीवर हे मटकन बसले. मला वाटलं चक्कर आली. विचारलं, “काय होतंय?”

“भूक लागलीय,” म्हणाले.

समोरच्या गाडीवर आम्ही उभ्या उभ्या वडापाव खाल्ले. यांनी एक संपवला, दुसरा घेतला, मग गाडीवाल्याला म्हणाले, चटणी जरा जास्त लाव. इतक्या दिवसांनी हा माणूस चटणी मागतोय, हे बघून मला हसायला यायला लागलं, आणि हसता हसता रडू. शेठ गाडीत बसायच्या आधी आमच्याकडे आले. यांच्या खांद्यावर हात ठेवला. “कल आ जा. टंकी का काम शुरू करते हैं.” मला म्हणाले, “भाभी, वो किताब कहाँ मिलती है? बीवी पूछ रही थी.”

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. यांच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. आत गेल्या आणि कांदा चिरायला घेतला.

आदेशाचा कागद यायला जरा वेळ लागला, आणि तोवर पोस्टमन गल्लीत दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जायचे. आला तेव्हा मी तो शब्दकोशाशिवाय वाचला. यांचं नाव त्यात एकदाच होतं, आणि त्याच्यापुढे, कारवाई प्रस्तावित नाही, अशा अर्थाचं वाक्य होतं. मी ते वाक्य मराठीत करून सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच.

टाकीचं काम महिन्यात नाही झालं, जास्त लागलं. तेवढे दिवस यांचा पगार अर्धाच होता, आणि आम्ही बदलापूरला माझ्या भावाकडून तांदूळ आणले. पण यांच्या अंगावर मांस चढत होतं. दिवसभर गवंड्याच्या मागे उभे राहून टाकीच्या भिंती बांधून घेत होते. दुसऱ्यांदा मंडळाची माणसं आली तेव्हा शेठ स्वतः हजर होते. पाणी अगदी काचेसारखं निघालं असं नाही म्हणणार, पण निळं नव्हतं, आणि रिपोर्ट नियमात बसला.

हातपंपाचंही सॅम्पल घेतलं गेलं. थोड्या दिवसांनी मी तिथे गेले, तर हातपंपावर लाल रंगाने फुली मारली होती आणि पिण्यास अयोग्य असं लिहिलं होतं. मला वाईट वाटलं. आमच्यामुळे त्या बाईचं आहे तेही पाणी गेलं की काय! पण ती भेटली तेव्हा म्हणाली, “फुली मारली म्हणून तर पालिकेने टँकर सुरू केला. आणि नळाच्या लाईनचे खड्डे पण खणलेत, बघा.” खड्डे खरंच खणले होते. त्यात पाईप पडायला पुढचा उन्हाळा उजाडला, पण पडले.

नाला पुढेही निळाच वाहायचा. आमचा कारखाना एकच होता, आणि तसे पुष्कळ होते. यांनी नंतर ती नोकरी सोडली आणि अंबरनाथला पाणी शुद्ध करणाऱ्या एका प्लँटवर लागले. तिथे दिवसातून कितीतरी वेळा पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचं काम. घरी आले की हाताला चुन्याचा वास यायचा. मुलगी नाक मुरडायची, आणि हे मुद्दाम तिच्या गालाला हात लावायचे. ती ओरडत पळायची, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, “अरे, आधी हात धू.”